अमेरिकेत टॅक्स अटर्नी व्हायचंय? मग काय काय शिकावं लागतं

आधी चार वर्षांची बॅचलर डिग्री, विषय कुठलाही चालतो, पण अकाउंटिंग किंवा फायनान्स असेल तर पुढे डोकं कमी दुखतं. मग एलसॅट (लॉ स्कूलची प्रवेश परीक्षा) द्यायची, स्कोअर १२० ते १८० मधे येतो (बरीच लॉ स्कूल्स आता जीआरई, म्हणजे इतर मास्टर्सची प्रवेश परीक्षा, पण घेतात), आणि तीन वर्षांची जेडी, म्हणजे तिथली वकिलीची डिग्री. कॉलेज एबीए (अमेरिकन बार असोसिएशन, वकिलांची संघटना) मान्यतेचं आहे ना हे आधीच बघा, नाहीतर बऱ्याच राज्यांत बारला, म्हणजे वकिलीच्या लायसन्सच्या परीक्षेला, बसताच येत नाही.

खरी मजा टॅक्सच्या क्लासमधे. टॅक्स कोडचं (अमेरिकेच्या कर कायद्याचं) सेक्शन ६१ म्हणतं की कुठूनही आलेलं उत्पन्न हे उत्पन्नच, मग सेक्शन १०२ सांगतं गिफ्ट त्यात धरायची नाही, आता मालकाने नोकराला दिलेलं पाकीट गिफ्ट की पगार यावर तास निघून जातो, आणि त्याच सेक्शनमधे पुढे लिहिलेलं असतं की मालकाने दिलेलं सहसा गिफ्ट धरायचंच नाही! त्यामुळे सेक्शन शेवटपर्यंत वाचायची सवय लावून घ्या.

जेडीनंतर राज्याची बार एक्झाम, बहुतेक ठिकाणी एमपीआरई, म्हणजे वकिली एथिक्सची परीक्षा, वेगळी. टॅक्समधलं एलएलएम (कायद्याची मास्टर्स) साधारण एक वर्षाचं, कंपल्सरी नाही, पण मोठ्या फर्ममधे जायचं असेल तर मी म्हणेन कराच, एनवाययू (न्यूयॉर्क युनिव्हर्सिटी) आणि जॉर्जटाऊन युनिव्हर्सिटीचं नावाजलेलं आहे. सीपीए (आपल्याकडच्या सीएसारखं) असलं तर उत्तम, नसलं तरी अडत नाही. आणि हो, यूएस टॅक्स कोर्टात वकिलांना वेगळी परीक्षा नसते, अर्ज करायचा, ती परीक्षा वकील नसलेल्यांना.