आधी वाक्य, मग पर्याय

2006 साली पुण्यात जीआरईची, म्हणजे परदेशातल्या पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या परीक्षेची, तयारी करताना अ‍ॅनॅलॉजीच्या एका प्रश्नात ‘फ्लॅग : व्हिगर’ या जोडीपाशी मी अडून बसले होते. या प्रश्नांत दिलेल्या दोन शब्दांमध्ये जे नातं असतं, तेच नातं असलेली जोडी पर्यायांतून निवडायची असते. झेंडा आणि जोम, यांचं नातं काय लावायचं? शेवटी पर्याय नीट पाहिले, तर प्रत्येक जोडीतला पहिला शब्द क्रियापद. त्यात ‘वेव्हर : रिझॉल्व्ह’ होतं. वेव्हर म्हणजे डळमळणं, निर्धार सुटणं. म्हणजे इथे फ्लॅगही क्रियापदच: गळून जाणं, जोम ओसरणं. नेहमीच्या अर्थाने नातं जुळेना, की शब्दाची जात बदलून बघायची, हे तेव्हापासून डोक्यात पक्कं बसलं.

जीआरईतून हे प्रश्न 2011 मध्ये गेले. मिलर अ‍ॅनॅलॉजीज टेस्ट ही अमेरिकेतली प्रवेशपरीक्षा तर नुसती याच प्रश्नांची होती, 60 मिनिटांत 120. तीही 2023 मध्ये बंद झाली. आपल्या एमबीए सीईटीच्या रीझनिंगमध्ये मात्र ते अजून भेटतात. माझ्याकडे येणारी मुलं त्यासाठी शब्दार्थ घोकतात. शब्द यायलाच हवेत, पण येणाऱ्या शब्दांवरही मार्क जातात, याचं मला जास्त वाईट वाटतं.

म्हणून पहिलं काम: पर्यायांवर हात ठेवा. दिलेल्या दोन शब्दांचं एक वाक्य मनात करा, तेही मराठीत. ‘ड्रिझल : डाउनपोर’ घ्या. ‘दोन्ही पाऊसच’ हे वाक्य कामाचं नाही. ‘रिमझिम वाढत गेली की मुसळधार होते’ हे कामाचं. आता हात काढा:

क्लाउड : रेन
टॉरंट : ट्रिकल
ब्रीझ : गेल
फ्लड : डॅम

ढग, पूर, धरण हे पावसाच्याच घरातले शब्द, म्हणून ओळखीचे वाटतात. पण ढग वाढून पाऊस ‘होत’ नाही, आणि पूर वाढला म्हणून धरण होत नाही. विषय जुळणं वेगळं, नातं जुळणं वेगळं. ‘टॉरंट : ट्रिकल’मध्ये नातं तेच आहे, पण उलटं: लोंढा आधी, बारीक धार नंतर. हुशार मुलं इथेच घसरतात. झुळूक वाढत गेली की सोसाट्याचा वारा होतो. उत्तर ‘ब्रीझ : गेल’.

कधी दोन पर्याय वाक्यात बसतात. तेव्हा वाक्य आवळा. ‘स्कॅल्पल : सर्जन’साठी ‘सर्जन स्कॅल्पल (शस्त्रक्रियेची सुरी) वापरतो’ म्हटलं, तर ‘स्टेथोस्कोप : डॉक्टर’ही चालतं आणि ‘चिझल : स्कल्प्टर’ही. ‘सर्जन स्कॅल्पलने कापतो’ म्हणा. स्टेथोस्कोपने कोणी कापत नाही; छिन्नीने मूर्तिकार दगड कापतो.

सरावासाठी 200 पानी वही करा. डावीकडे जोडी, उजवीकडे फक्त तुमचं वाक्य. चुकलेल्या प्रश्नाचं उत्तर लिहू नका, वाक्य दुरुस्त करून लिहा. रोज दहा जोड्या पुरेत.

दिलेला शब्दच येत नसेल, तर पर्यायांची वाक्यं करा. ज्या जोडीचं ठाम वाक्य होतच नाही, ती आधी खोडा. दोन-तीन तरी अशा निघतात. सीईटीत 150 मिनिटांत 200 प्रश्न, म्हणजे एकाला 45 सेकंद. चुकीला मार्क कापत नाहीत, तेव्हा उरलेल्यांतला एक लावा आणि पुढे चला.