कुत्र्याच्या घशात काहीतरी अडकलंय असं वाटतंय? या चुका टाळा

आमच्या सांगली-तासगावकडं कुत्रं खाकरायला लागलं की निदान ठरलेलं, "हाड अडकलंय बघ". उपाय पण ठरलेला, भाकरी चारा, केळं कोंबा, नाहीतर गोडंतेल पाजा. यातलं तेल पाजणं सगळ्यात वाईट, कारण ज्याला नीट गिळताच येत नाही त्याच्या तोंडात ओतलेलं तेल श्वासनळीतून फुफ्फुसात जातं आणि मग न्यूमोनिया, म्हणजे हाड राहिलं बाजूला अन् भलतंच निस्तरत बसा.

दुसरी चूक जिवावर बेतणारी, थेट तोंडात हात घालायचा. खालचा जबडा लोंबतोय, लाळेची तार लागलीय, भुंकण्याचा आवाज बदललाय, पाण्यात तोंड घालतंय पण घोट जात नाही, हे रेबीज असू शकतं. पिसाळलेलं कुत्रं अंगावर धावूनच येतं असं काही नाही, काही नुसती गप पडून राहतात आणि लोकांना वाटतं बिचाऱ्याच्या घशात काहीतरी आहे. लाळ जखमेला किंवा ओरखड्याला लागली तर वाहत्या पाण्याखाली साबणानं 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. हळद-चुना नको, उद्या बघू पण नको.

आता जरा बारकाईनं बघायची गोष्ट. "ओकतंय" एवढंच सांगून डॉक्टरांना काही कळत नाही. ओकताना पोट आत-बाहेर ढवळतं, आधी मळमळ दिसते, बऱ्याचदा पिवळं पित्त पडतं. पण मान खाली घातली आणि मघाशी खाल्लेला दूध-भात जशाच्या तसा, लांबट गोळा होऊन पडला, पोटाला काही जोर नाही, तर दुखणं अन्ननलिकेत असायची शक्यता जास्त. कधीकधी ती सैल पडून फुगलेली असते, अशा कुत्र्याला उभं करून चारावं लागतं आणि खाल्ल्यावर पण थोडा वेळ तसंच धरावं लागतं. मोबाईलवर व्हिडिओ काढून न्या, तुमच्या शंभर शब्दांपेक्षा तो कामाचा.

कोरडा, ठसक्यासारखा खोकला आणि शेवटी पांढरा फेस, हा बऱ्याचदा केनेल कफ, म्हणजे कुत्र्यांचा संसर्गजन्य खोकला असतो, हाड नव्हे. म्हातारं लॅब्रॅडोर उन्हात घरघरतंय, आवाज बसलाय, तर स्वरयंत्र तपासा. माळावर पळणारी कारवानी जातीची शिकारी कुत्री असतील तर कुसळ घशात, नाकात घुसतं. आणि बागेत द्राक्षावर औषध मारल्यावर कुत्रं लाळ गाळत थरथरायला लागलं तर घसा बघत बसू नका, विषबाधा समजून औषधाची बाटली घेऊनच पळा.

जीभ निळी पडली किंवा श्वास कोंडला तर सकाळची वाट बघायची नाही. सातारा बाजूच्यांना शिरवळचं पशुवैद्यकीय कॉलेज आहेच. शिजवलेली चिकनची हाडं घालणं मात्र आजपासून बंद करा, त्याची टोकदार ढलपी निघतात. आणि जिभेखाली दोरा किंवा मांजा गुंतलेला दिसला तर ओढू नका, दुसरं टोक आतड्यात असू शकतं.