पाळणा लांबवताना या चुका टाळा: साधन वापरूनही दिवस का जातात?

गर्भनिरोधकाच्या खात्रीचे आकडे दोन असतात. एक, साधन तंतोतंत नियमाप्रमाणे वापरलं तर येणारा. दुसरा, घरोघरी ते जसं वापरलं जातं त्याचा. काहीच न वापरणाऱ्या १०० जोडप्यांमध्ये वर्षभरात साधारण ८५ जणींना दिवस जातात. रोजची गोळी एकदाही न चुकवता घेतली तर हा आकडा १ च्याही खाली येतो, प्रत्यक्षात मात्र तो ७ च्या आसपास राहतो. कंडोमच्या बाबतीत २ चे १३ होतात. हे अंदाज अमेरिकेतल्या पाहण्यांवर आधारलेले आहेत, पण गोळी विसरायला देश लागत नाही. तांबी आणि नसबंदी यांचे दोन्ही आकडे १ च्या आत आणि जवळजवळ सारखेच, कारण तिथे रोज काही लक्षात ठेवावं लागत नाही. दोन आकड्यांमधलं हे अंतर बहुतेक वेळा छोट्या चुकांनी पडतं, आणि त्या टाळता येतात. तरीही दिवस गेले की बोल बाईलाच लावला जातो, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

नवं पाकीट उशिरा सुरू करणं

सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या माला-एनच्या पाकिटात २१ गोळ्या हार्मोनच्या आणि ७ लोहाच्या असतात. पाकिटाच्या मध्येच एखादी गोळी विसरली तर बायका घाबरतात, पण खरा धोका दोन पाकिटांच्या मध्ये आहे. लोहाच्या गोळ्यांच्या ७ दिवसांत शरीराला हार्मोन मिळत नाही आणि बीजकोश हळूहळू जागा होऊ लागतो. त्यात 'पाळी पूर्ण थांबू दे, मग नवं पाकीट सुरू करू' म्हणून आणखी दोन-तीन दिवस गेले, की बीज बाहेर पडायला वाट मिळते. म्हणून २८ वी गोळी संपली की दुसऱ्याच दिवशी नवं पाकीट सुरू करायचं, पाळी चालू असो वा नसो.

एक गोळी राहिली तर आठवेल तेव्हा लगेच घ्या आणि पुढची ठरल्या वेळी घ्या, मग एका दिवशी दोन झाल्या तरी चालतील. लागोपाठ दोन किंवा जास्त राहिल्या तर एक लगेच घ्या, रोजची चालू ठेवा आणि पुढचे ७ दिवस कंडोम वापरा. या गोळ्या तिसऱ्या आठवड्यातल्या असतील तर हार्मोनच्या गोळ्या संपल्यावर लोहाच्या सोडून थेट नवं पाकीट उघडा. गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांत उलटी झाली तर ती पोटात गेलीच नाही असं समजून दुसरी घ्या.

नवरा मुंबईला, बायको गावी. तो गणपतीला आला की गोळ्या सुरू, परतला की बंद. गोळीचं काम असं चालत नाही. पाळीच्या पहिल्या पाच दिवसांत सुरू केली नसेल तर सलग ७ दिवस घेतल्याशिवाय तिच्यावर विसंबता येत नाही. अशा घरासाठी कंडोम किंवा तांबी कितीतरी बरी.

सणासुदीला आणखी एक गोंधळ होतो. पूजेसाठी पाळी पुढे ढकलायला घेतलेल्या गोळ्या गर्भनिरोधक नाहीत. पाळी आली नाही म्हणजे दिवस जाणार नाहीत, असा हिशेब करू नका.

टीबीचे उपचार चालू असतील तर डॉक्टरांना आधी विचारा. त्यातल्या रिफाम्पिसिनमुळे रोजच्या गोळीचा असर कमी होतो. फिट्सच्या काही औषधांचंही तसंच आहे.

छाया आणि अंतरा

छाया आठवड्याची गोळी म्हणून ओळखली जाते, आणि तिथेच चूक होते. पहिले तीन महिने ती आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वारांना घ्यायची असते. आठवड्यातून एकदा त्यानंतर. सुरुवातीपासूनच एकदा घेतली तर पुरेसा असर तयारच होत नाही. गोळी राहून ७ दिवसांहून जास्त उलटले तर पुन्हा पहिल्यापासून, दोनदा-दोनदा.

अंतराचं इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घ्यायचं. टोचलेली जागा चोळू नका, शेकू नका. तारखेनंतर चार आठवड्यांपर्यंत पुढचं घेता येतं, पण ती सवलत आहे, वेळापत्रक नव्हे. पाळी अनियमित होते किंवा थांबते. त्याला घाबरून अनेकजणी मध्येच सोडतात आणि दुसरं काहीच वापरत नाहीत.

कंडोम आणि खोबरेल तेल

कंडोम फाटला की त्याच्या दर्जाला नावं ठेवली जातात. लेटेक्सचा साधा कंडोम खोबरेल तेल, व्हॅसलीन, क्रीम यांनी काही मिनिटांत कमकुवत होतो, आणि आपल्याकडे हाताशी असतं ते खोबरेलच. ओलावा हवा असेल तर पाण्यावर आधारित जेल घ्या. खिशातल्या पाकिटात महिनोन् महिने दाबून, उन्हात गाडीत ठेवलेला कंडोम वापरू नका. एकावर एक दोन घातले तर घर्षणाने फाटण्याची शक्यता उलट वाढते. आणि सर्वांत मोठी चूक म्हणजे तो शेवटी-शेवटी घालणं. संबंधाच्या सुरुवातीपासून घालायचा, टोकात हवा राहू न देता.

'सुरक्षित दिवस'

बीज साधारणपणे पुढच्या पाळीच्या १४ दिवस आधी बाहेर पडतं, मागच्या पाळीनंतर १४ दिवसांनी नव्हे. ३५ दिवसांनी पाळी येणाऱ्या बाईचा तो दिवस २१ वा असतो. शुक्राणू शरीरात पाच दिवसांपर्यंत टिकतात. मैत्रिणीचे दिवस आपल्याला लागू पडत नाहीत, आणि पाळी मागेपुढे होत असेल तर या हिशेबावर अवलंबूच नये.

अंगावर पाजतानाही दिवस जातात

बाळ सहा महिन्यांच्या आतलं, रात्रंदिवस फक्त अंगावरचं दूध, आणि पाळी परत आलेली नाही: या तिन्ही अटी एकदम पाळल्या जात असतील तरच भरवसा ठेवावा. वरचं दूध सुरू केलं की तो संपला. पाळीची वाट पाहू नका, कारण पहिल्या पाळीच्या आधीच बीज बाहेर पडू शकतं.

तांबी बसवली, नसबंदी झाली, आता निर्धास्त?

तांबी कोणती, ते कार्डावर पाहा. ३८० ए १० वर्षांची असते, ३७५ पाच वर्षांची. बाळंतपणानंतर लगेच बसवलेली निसटण्याची शक्यता अधिक, म्हणून बोलावलेल्या तारखेला तपासणी चुकवू नका.

पुरुष नसबंदीबद्दल मला फार कळकळीने सांगायचं आहे. शस्त्रक्रियेनंतर नळीत शुक्राणू शिल्लक असतात. तीन महिने दुसरं साधन वापरायचं आणि मग वीर्यतपासणी करून घ्यायची. हे न सांगितल्याने किंवा न ऐकल्याने बायकोला दिवस जातात आणि तिच्या चारित्र्यावर संशय घेतला जातो. संशयाआधी तपासणी करा. क्वचित, अनेक वर्षांनीही नळी पुन्हा जुळू शकते.

नसबंदी झालेल्या किंवा तांबी असलेल्या बाईची पाळी चुकली तर थांबू नका. गर्भ गर्भाशयाऐवजी बीजनलिकेत राहिलेला असू शकतो. एका बाजूला पोटात तीव्र दुखणं, चक्कर आली तर त्याच क्षणी रुग्णालय गाठा.

चूक झालीच तर

इमर्जन्सी गोळी जितक्या लवकर तितकी चांगली, संबंधानंतर ७२ तासांच्या आत. ती बीज बाहेर पडणं लांबवते. त्यानंतरच्या संबंधांना तिचं संरक्षण नाही. पाच दिवसांत बसवलेली तांबी तिच्याहून कितीतरी खात्रीची. पाळी आठवडाभर लांबली तर घरीच लघवीची तपासणी करा. गर्भपाताच्या गोळ्या दुकानातून परस्पर घेऊ नका.

साधन निकामी ठरल्याने राहिलेला गर्भ काढण्याची मुभा गर्भपाताच्या १९७१ च्या कायद्याने दिली आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर ती फक्त विवाहितांपुरती राहिलेली नाही. २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरांचं मत पुरतं. संमती १८ वर्षांवरील बाईची स्वतःची. नवऱ्याची सही लागत नाही.