प्रवासात मोटरहोम बिघडल्यास भरवशाचे गॅरेज कसे शोधावे

अमेरिकेत मोटरहोम (आत राहण्याची सोय असलेली मोठी गाडी) घेऊन फिरताना बिघाड झाला, तर तो गाडीचा आहे की आतल्या घराचा, हे आधी ठरवावे. कारण इंजिन किंवा ब्रेकचे काम फोर्ड ई-४५०सारख्या चासीची (मोटरहोम ज्यावर बांधतात त्या खालच्या सांगाड्याची) सवय असलेल्या ट्रकच्या गॅरेजमध्ये होते, तर फ्रिज, गॅस आणि छताची गळती यांसाठी आरव्हीचा, म्हणजे अशा फिरत्या घरांचा, तंत्रज्ञच लागतो. फोनवरच गाडीची उंची, लांबी व वजन सांगून ती दारातून आत जाईल का आणि लिफ्टला पेलेल का, हे स्पष्ट विचारावे. भिंतीवर एएसईचे (मेकॅनिकची परीक्षा घेणाऱ्या अमेरिकी संस्थेचे) प्रमाणपत्र असले तरी त्याची मुदत पाहावी. ते दर ५ वर्षांनी नव्याने मिळवावे लागते. कॅम्पग्राउंडच्या व्यवस्थापकाला ‘चांगले गॅरेज कोणते’ यापेक्षा ‘तुमची स्वतःची गाडी कुठे नेता’ असे विचारल्यास (माझ्या मते) उत्तर अधिक खरे मिळते.

कॅलिफोर्नियात लेखी अंदाजपत्रक आणि ग्राहकाची संमती यांशिवाय काम सुरू करता येत नाही. इतरत्रही तोच आग्रह धरावा आणि काढलेले जुने भाग परत हवेत, हे काम सुरू होण्यापूर्वीच कागदावर लिहून घ्यावे. जुना ब्रेक पॅड हातात घेतला, की त्याची किती जाडी शिल्लक होती, हे कोणालाही दिसते.