हाताची पकड मोजायची कशी: आधी खाच, मग कोपर

सांगलीत तालमीतल्या पोरांची आणि काठी टेकत येणाऱ्या आजीआजोबांची पकड मी बरीच वर्षं मोजतोय. 'यंत्र हातात द्या, जोरात आवळायला सांगा' एवढ्यावर घेतलेलं माप मी वहीत चढवतसुद्धा नाही.

हात धुऊन कोरडे करा. आखाड्याच्या मातीत तेल-ताक असतं, यंत्र निसटतं. अंगठी काढा, काटा शून्यावर आणा.

आता खाच. हायड्रॉलिक डायनामोमीटरच्या, म्हणजे पकड मोजायच्या तेलदाबाच्या यंत्राच्या, मुठीला रुंदी कमीजास्त करायच्या पाच खाचा असतात. सगळ्यांना दुसरीच ठेवा. मी इथंच तोंडावर पडलो. एका पैलवानाची पकड दोन महिन्यांत सहा किलोंनी वाढली म्हणून त्याच्या वस्तादांना कौतुकानं सांगून आलो. घरी वही उघडली, तर आधीच्या आकड्यापुढं मदतनीस पोरानं बारीक अक्षरात लिहिलेलं: 'खाच १'. मी मोजलं होतं दुसरीत. वस्ताद म्हणाले, "म्हंजे यंत्राचीच ताकद वाढली म्हणा!" काही डिजिटल यंत्रांना खाचा नसतात, फिरकी असते. बोटांचं मधलं पेर काटकोनात येईल तिथं ती थांबवा आणि त्या माणसापुरतं माप लिहून ठेवा.

दुसरा घोळ कोपराचा. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून बसवा. दंड अंगालगत, कोपर काटकोनात, मनगट सरळ किंवा जरासं मागं. जोर लावला की कोपर हळूच मांडीवर टेकतं नाहीतर बाहेर फाकतं. पैलवान तर खुर्चीतच डाव टाकतात. असं झालं की तो आकडा खोडा, पुन्हा घ्या. माझी नजर तेव्हा काट्यावर नसतेच, कोपरावर असते. काटा कुठं पळून जात नाही.

"आवळा, आवळा, सोडा", तीन सेकंद, दरवेळी त्याच आवाजात. पैलवानाला आरोळी आणि आजीला कुजबुज, असं नको. प्रत्येक हाताला तीनदा, मध्ये मिनिटभर विसावा.

प्रगती बघायला तिन्हींची सरासरी धरा. पण वयस्कर माणसांच्या स्नायूंची झीज तपासायचा २०१९ चा आशियाई निकष (पुरुष २८ किलोंखाली, बायका १८ खाली म्हणजे पकड कमी) सर्वांत मोठ्या आकड्याला लागतो. परवा एका आजींचे १६, १७, १९ आले. सरासरी १७.३ धरून त्यांना कुणीतरी 'कमजोर' ठरवलं होतं. त्यांचा आकडा १९.