अनेक राज्यांत व्यवसाय आणि रजिस्टर्ड एजंट : या चुका टाळा

“डेलावेअरमध्ये कंपनी नोंदवली तेव्हाच एजंट घेतला होता, मग टेक्सससाठी पुन्हा वेगळा कशाला?” न्यू जर्सीतील मराठी व्यावसायिकांचे हिशेब आणि वार्षिक कागदपत्रे सांभाळताना हा प्रश्न मला वारंवार ऐकावा लागतो. पुण्यात बसून अमेरिकेत कंपनी काढणारे तरुणही हेच विचारतात. पुढे दिलेल्या बहुतेक चुकांचे मूळ या प्रश्नातच आहे. कंपनी एकच असली, तरी ती ज्या ज्या राज्यांत नोंदलेली असते, त्या प्रत्येक राज्याच्या दप्तरी तिची स्वतंत्र नोंद असते आणि त्या नोंदीत त्याच राज्यातील एजंटचे नाव व पत्ता असावा लागतो. एका राज्यात केलेला बदल दुसऱ्या राज्याला आपोआप कळत नाही.

रजिस्टर्ड एजंट म्हणजे कंपनीच्या वतीने न्यायालयाचे समन्स आणि सरकारी नोटिसा स्वीकारणारी व्यक्ती किंवा संस्था. त्याच्या हातात समन्स पडले की कायद्याच्या दृष्टीने ते कंपनीवर बजावले गेले. मालकाने तो लिफाफा पाहिला की नाही, याला महत्त्व नाही. हे काम सर्वत्र एकच असले तरी नावे बदलतात. ओहायो आणि ॲरिझोनामध्ये ‘स्टॅच्युटरी एजंट’ म्हणतात, मेरीलँड आणि मॅसॅच्युसेट्समध्ये ‘रेसिडेंट एजंट’, तर कॅलिफोर्नियात ‘एजंट फॉर सर्व्हिस ऑफ प्रोसेस’. फॉर्मवर वेगळे नाव दिसले म्हणून ती काही निराळी बाब आहे असे समजून रकाना चुकीचा भरणारे अनेकजण मी पाहिले आहेत.

परराज्यात नोंदणीच न करणे

दुसऱ्या राज्यात स्थापन झालेल्या कंपनीला अमेरिकी कायदा ‘फॉरेन’ म्हणतो. येथे त्याचा अर्थ परदेशी नव्हे, तर परराज्यातील असा आहे. ऑफिस किंवा गोदाम घेतले, कर्मचारी नेमला, की त्या राज्यात नोंदणी करावी लागते का, हे लगेच तपासावे. न्यू जर्सीतल्या एडिसन शहरातील कंपनीचा कर्मचारी टेक्ससमध्ये राहायला गेला आणि तेथूनच काम करू लागला, अशा वेळी पगारातील करकपातीसाठी खाते उघडले जाते, पण नोंदणीचा हा प्रश्न राहून जातो. टेक्ससमध्ये परराज्यातील एलएलसीच्या (मर्यादित दायित्वाच्या कंपनीच्या) नोंदणीचे शुल्क ७५० डॉलर आहे, आणि व्यवसाय सुरू केल्यापासून ९० दिवस उलटून गेले असतील तर उशिराच्या प्रत्येक वर्षासाठी तेवढीच रक्कम आणखी मागितली जाऊ शकते. त्याहून अडचणीची गोष्ट अशी की, नोंदणी नसलेल्या कंपनीला त्या राज्याच्या न्यायालयात थकबाकीसाठी दावा चालवता येत नाही. आधी नोंदणी पूर्ण करावी लागते.

कर्मचाऱ्याचा किंवा स्वतःचा घरचा पत्ता देणे

पैसे वाचावेत म्हणून बहुतेक जण हाच मार्ग निवडतात आणि यातूनच सर्वाधिक नुकसान होते. माझ्या पाहण्यातील एका छोट्या कंपनीने डॅलसजवळ गोदाम भाड्याने घेतले होते आणि एजंट म्हणून तेथील व्यवस्थापकाचे नाव व त्याच्या अपार्टमेंटचा पत्ता दिला होता. व्यवस्थापकाने वर्षभरात नोकरी आणि घर दोन्ही सोडले, पण राज्याच्या दप्तरी जुनाच पत्ता राहिला. पुढे भाड्यावरून वाद झाला आणि गोदामाच्या मालकाने दावा लावला. समन्स घेऊन आलेल्या माणसाला दार उघडणारे भाडेकरू नवे होते. एजंट सापडत नसेल तर टेक्ससमध्ये समन्स सेक्रेटरी ऑफ स्टेटवर, म्हणजे कंपन्यांची नोंद ठेवणाऱ्या राज्याच्या अधिकाऱ्यावर, बजावता येते आणि ते कार्यालय प्रत कंपनीच्या नोंदीतील पत्त्यावर पाठवते. कंपनीनेही मधल्या काळात ऑफिस बदलले होते, त्यामुळे तो लिफाफा परत गेला. बँकेतील खाते गोठल्याचा संदेश एका सकाळी मालकीणबाईंच्या फोनवर आला, तेव्हा त्यांना कळले की आपल्याविरुद्ध एकतर्फी निकाल लागलेला आहे. वादात त्यांची बाजू भक्कम होती, भाड्याच्या पावत्या फाइलमध्ये नीट लावलेल्या होत्या, पण त्या दाखवण्याची वेळ निघून गेली होती. याचे मला अजूनही वाईट वाटते.

एजंटचा पत्ता त्या राज्यातील प्रत्यक्ष जागेचा असावा आणि कामकाजाच्या वेळेत तेथे कागद घेणारे कोणीतरी हजर असावे. पोस्टाची पेटी चालत नाही. केवळ टपाल स्कॅन करून पाठवणारा भाड्याचा पत्ताही पुरत नाही. टेक्सस आणि कॅलिफोर्नियात कंपनीला स्वतःलाच आपला एजंट म्हणून दाखवता येत नाही. शिवाय १ जानेवारी २०१० पासून टेक्ससमध्ये एजंटची संमती असणे आवश्यक आहे. ती राज्याकडे दाखल करावी लागत नसली, तरी लेखी घेऊन आपल्याजवळ ठेवावी.

न्यूयॉर्कची रीत निराळी आहे. तेथे राज्याचा कंपनी नोंदणी पाहणारा विभाग, डिपार्टमेंट ऑफ स्टेटच, कंपनीच्या वतीने समन्स स्वीकारते आणि तुम्ही दिलेल्या पत्त्यावर पुढे पाठवते. खासगी एजंट नेमला म्हणून हा पत्ता आपोआप बदलत नाही. ऑफिस हलवताना तो बदलायचा राहतो, आणि एलएलसीने नोंदणीनंतर १२० दिवसांत दोन वर्तमानपत्रांत सहा आठवडे सूचना छापायची असते, तीही विसरली जाते.

एजंट बदलताना जुन्याची सेवा आधी बंद करणे

पैसे घेऊन एजंटचे काम करणाऱ्या सेवा कंपनीची वर्गणी थांबवली म्हणजे राज्याच्या दप्तरातील नाव निघत नाही. पैसे न मिळाल्यास तो एजंट राजीनामा दाखल करतो. टेक्ससमध्ये राजीनाम्याची सूचना राज्याला मिळाल्यापासून ३१व्या दिवशी नेमणूक संपते आणि तोवर नवा एजंट नेमला नसेल तर नोंदणीच धोक्यात येते. म्हणून प्रत्येक राज्यात बदलाचा अर्ज वेगवेगळा भरावा, मंजुरीची प्रत हाती यावी, राज्याच्या संकेतस्थळावर नवे नाव स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे आणि त्यानंतरच जुनी सेवा बंद करावी.

बाकी सर्व एजंट बघेल असे मानणे

मूळ सेवेत एजंट कागद स्वीकारतो आणि फार तर आठवण करून देतो. वार्षिक अहवाल आणि कर ही जबाबदारी कंपनीचीच राहते. डेलावेअरच्या एलएलसीला ३०० डॉलरचा वार्षिक कर १ जूनपर्यंत भरावा लागतो, तर तेथील कॉर्पोरेशनची (शेअर असलेल्या कंपनीची) तारीख १ मार्च असते. फ्लोरिडात वार्षिक अहवालाची १ मे ही तारीख चुकली की ४०० डॉलर दंड बसतो. टेक्ससची तारीख १५ मे आहे. न्यू जर्सीत मात्र कंपनी ज्या महिन्यात नोंदली गेली त्या महिन्याची अखेर धरली जाते. आयआरएसची (अमेरिकेच्या केंद्रीय कर विभागाची) पत्रे एजंटकडे जात नाहीत. त्यासाठी पत्ता बदलल्यावर फॉर्म ८८२२-बी वेगळा भरावा. तसेच सरकारी वाटणारी, पण खासगी लोकांनी पाठवलेली पैसे मागणारी पत्रे येत असतात. कोणतीही रक्कम भरण्यापूर्वी राज्याच्या अधिकृत संकेतस्थळावर आपली नोंद उघडून पाहावी.

समन्स उशिरा हाती आले तर

ते आपल्याला ईमेलने कधी मिळाले ही तारीख धरू नये. एजंटवर ते कधी बजावले गेले, ती तारीख प्रथम शोधावी. उत्तराची मुदत तेथून मोजली जाते : फेडरल (केंद्रीय) न्यायालयात साधारणपणे २१ दिवस, कॅलिफोर्नियाच्या न्यायालयात ३० दिवस, आणि टेक्ससमध्ये २० दिवस संपल्यानंतरच्या पहिल्या सोमवारी सकाळी दहा वाजेपर्यंत. त्याच दिवशी त्या राज्यातील वकिलाला फोन करावा. एकतर्फी निकाल लागला असेल तरी टेक्ससमध्ये निकालावर सही झाल्यापासून ३० दिवसांत नव्याने सुनावणीसाठी अर्ज करता येतो, त्यामुळे एकेक दिवस मोलाचा असतो.

एखाद्या राज्यातील काम संपले, तर तेथून नोंदणी मागे घेण्याचा अर्जही करावा. ऑफिस रिकामे केल्याने नोंद संपत नाही, आणि कॅलिफोर्नियात नोंदलेल्या एलएलसीवर ती रद्द होईपर्यंत दरवर्षी किमान ८०० डॉलरचा कर लागत राहतो. त्या अर्जात पुढील समन्ससाठी पत्ता विचारतात. तेथे पुढील काही वर्षे टिकेल असाच पत्ता लिहावा, कारण जुन्या व्यवहारांवरचे दावे कंपनी राज्यातून बाहेर पडल्यानंतरही येऊ शकतात.