घरचा गांजा काढल्यावर वाळवायचा आणि मुरवायचा कसा (ऑन्टारियोतल्या मंडळींसाठी)

ऑक्टोबर लागला की इथे मागच्या अंगणात झाडं लावलेल्यांची एकच धावपळ, रात्री पारा शून्याकडे सरकतोय, सकाळी दव, मधेच दोन दोन दिवस पाऊस, आणि फुलं नेमकी आत्ताच भरलेली. सगळा उन्हाळा झाडांना जीव लावायचा आणि कापल्यावर मात्र आठवडाभरात उरकून टाकायचं, हे मी दरवर्षी कोणा ना कोणाकडे बघते आणि खरंच वाईट वाटतं. कारण वास, चव, घशाला लागणं न लागणं, हे बरंचसं कापणीनंतरच्या महिन्यात ठरतं. झाड कितीही चांगलं असू दे, वाळवणं बिघडलं की हातात वाळलेलं गवतच येतं.

आधी कायद्याचं, म्हणजे मागाहून कोणी विचारायला नको. कॅनडात 17 ऑक्टोबर 2018 पासून घरी 4 झाडं लावता येतात, पण ती घराला 4, माणशी 4 नाहीत. नवरा बायको आणि भाऊ मिळून 12 लावली तर ते बेकायदा. ऑन्टारियोत वय 19 पूर्ण पाहिजे. क्यूबेकमध्ये घरी लावायला बंदी आहे आणि 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने ती बंदी कायम ठेवली. भाड्याने राहत असाल किंवा काँडोत असाल तर लीज आणि बिल्डिंगचे नियम वाचा. आणि भारतातून वाचणाऱ्यांनो, हे तुमच्यासाठी नाही, तिथे एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायदा 1985 आहे, कलम 20 खाली लागवडीला 10 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे, "फक्त एक झाड कुंडीत" असली काही सूट नाही.

आता कामाला लागू. कापायच्या दिवशी पाऊस पडून गेला असेल तर झाड जोरात हलवून पाणी झटका, शक्य असेल तर एक दिवस कोरडा जाऊ द्या. कापताना प्रत्येक जाड बड, म्हणजे फुलांचा गुच्छ, हातात घेऊन देठाजवळ नीट बघा, एखादं पान एकटंच पिवळं किंवा तपकिरी पडलंय आणि हलक्या हाताने ओढलं तर सटकन निघून येतंय, तर तो बड फोडा. आत राखाडी, भुगा झाल्यासारखं दिसलं तर बुरशी आहे, बोट्रायटिस. इथल्या ओल्या शरदात घट्ट मोठ्या फुलांना ही लागतेच. तो भाग आजूबाजूच्या चांगल्या दिसणाऱ्या भागासकट कापून कचऱ्यात टाका, कात्री स्पिरिटने पुसा, मगच पुढची फांदी. बुरशी लागलेलं "भाजून घेऊ, ओव्हनमध्ये टाकू" असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. काही बुरश्यांचं विष उष्णतेने जात नाही, आणि अ‍ॅस्परजिलससारखी बुरशी ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे, केमो चालू आहे, त्यांच्या फुफ्फुसाला फार महागात पडते. घरात कोणी आजारपणात वेदनेसाठी वापरत असेल तर इथे अजिबात तडजोड नको.

मोठी पंख्यासारखी पानं लगेच काढून टाका, त्यांच्यात पाणी भरपूर आणि कामाचं काही नाही. फुलातून डोकावणारी बारीक चिकट पानं आत्ता काढायची की वाळल्यावर, यावर लोक तासन् तास वाद घालतात. माझं मत सरळ आहे, हवा बघा. तुमचं बेसमेंट दमट असेल, फुलं जाडजूड असतील, तर आत्ताच काढा म्हणजे आत हवा जाईल. हीटिंग सुरू झालं असेल आणि घर कोरडं ठणठणीत असेल तर ती पानं राहू द्या, ती फुलाभोवती मिटतात आणि वाळणं हळू होतं. हातात ग्लोव्हज घाला, तो चिकटा साबणाने निघत नाही, तेलाने निघतो.

आपल्याकडची सवय म्हणजे वाळवण म्हटलं की गच्ची आणि कडक ऊन, पापड, कुरडया, मिरच्या, सगळं उन्हात. इथे नेमकं उलटं. ऊन अजिबात नको. 1976 मध्ये लंडनच्या संशोधकांनी गांजा वेगवेगळ्या परिस्थितीत ठेवून तपासला होता, त्यात सगळ्यात जास्त नुकसान उजेडाने होतं असं निघालं, आणि अंधारात नीट ठेवला तर साध्या खोलीच्या तापमानालाही 2 वर्षांपर्यंत बऱ्यापैकी टिकतो. उष्णतेचंही तसंच, ज्या तेलांमुळे लिंबासारखा, पाइनसारखा वास येतो ती टरपीन्स हलकी असतात, गरम हवेत पहिली तीच उडून जातात. म्हणून ओव्हन नको, मायक्रोवेव्ह नको, हीटरसमोर तर नकोच.

अंधारी खोली, कपाट किंवा झाडं वाढवायचा टेंट घ्या, तापमान 16 ते 20 डिग्री, ह्युमिडिटी 55 ते 60 टक्के. फांद्या उलट्या टांगा, एकमेकींना चिकटू देऊ नका. छोटा फॅन लावा पण तो भिंतीकडे तोंड करून, हवा खोलीत फिरली पाहिजे, फुलांवर थेट झोत आला की बाहेरून कुरकुरीत होतात आणि आत ओली राहतात, मग तुम्ही फसता आणि लवकर बरणीत भरता. बेसमेंटमध्ये 65 च्या वर जात असेल तर डीह्युमिडिफायर लावा. उलट घरातला फर्नेस सुरू झाला की इथली हवा सहज 30 टक्क्यांच्या आसपास येते, तेव्हा मोठा पुठ्ठ्याचा बॉक्स घ्या, बाजूंना थोडी भोकं पाडा, आत दोऱ्या बांधून त्यावर टांगा. एवढ्या साध्या गोष्टीने वाळायचा वेग एकदम कमी होतो. वासाचा शेजाऱ्यांना त्रास होत असेल तर कार्बन फिल्टर लावा, काँडोत तर लावाच.

हायग्रोमीटर म्हणजे हवेतली ओल मोजायचं यंत्र, त्यावर आंधळा विश्वास ठेवू नका, स्वस्तातले पाच पाच टक्के चुकतात. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंब थेंब पाणी टाकून ओलं करा पण विरघळू देऊ नका, झाकण आणि हायग्रोमीटर एकाच झिप पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. 75 दाखवलं पाहिजे. 71 दाखवत असेल तर तुमचा मीटर 4 कमी सांगतोय, तेवढे मिळवून वाचा.

साधारण 7 ते 14 दिवस लागतात. तीन दिवसात वाळलं तर फार घाई झाली. मधे तीन चार दिवसांनी मूळ वास गायब होतो आणि कापलेल्या गवताचा वास येतो, घाबरू नका, नीट मुरलं की बहुतेक वेळा मूळ वास परत येतो. कधी झालं ते तारखेवरून ठरवू नका, बारीक काडी वाकवून बघा. वाकली तर अजून वेळ आहे, कट्‌ असा आवाज करून तुटली तर झालं. जाड मधला देठ मात्र अजून थोडा लवचिकच राहतो, तो कडक व्हायची वाट बघितलीत तर फुलांचा भुगा होईल. वजनाने बघायचं तर ओल्या 1 किलोचे 200 ते 250 ग्रॅम उरतात.

मग मुरवणं, म्हणजे बरणीत बंद ठेवून हळूहळू पिकू देणं. काचेच्या रुंद तोंडाच्या बरण्या घ्या, प्लास्टिक नको, आणि तीन चतुर्थांशच भरा, दाबून अजिबात नाही. प्रत्येक बरणीत छोटा हायग्रोमीटर टाका. पहिले काही तास महत्त्वाचे, कारण फुलाच्या गाभ्यातलं पाणी आता बाहेरच्या थरात येतं आणि काल कुरकुरीत वाटलेलं आज मऊ लागतं, हे असंच होतं. दुसऱ्या दिवशी आकडा बघा. 58 ते 62 असेल तर छान. 65 च्या वर गेला तर सगळं बाहेर काढून ताटात किंवा कागदावर पसरा, काही तासांनी परत भरा. 70 दाखवत असेल तर बुरशीला आमंत्रणच, परत एक दिवस टांगल्यासारखं उघडं ठेवा. 55 च्या खाली गेला की मुरायची प्रक्रिया जवळजवळ थांबते. व्यावसायिक लोक यासाठी वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी मोजतात, म्हणजे बुरशीला वापरता येईल असं मोकळं पाणी किती ते, एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकात ती 0.55 ते 0.65 धरली आहे, आपल्या बरणीतले 55 ते 65 टक्के म्हणजे तेच.

पहिला आठवडा रोज दोनदा झाकण उघडा, दहा पंधरा मिनिटं, बरणी हलकेच फिरवा म्हणजे खालची फुलं वर येतील. उघडल्या उघडल्या नाक लावा. दिवसागणिक गवताचा वास कमी होत गेला पाहिजे. अमोनियासारखा, मुतारीसारखा उग्र वास आला तर आत ओल जास्त आहे आणि हवेविना बॅक्टेरिया कामाला लागलेत, लगेच सगळं बाहेर काढून वाळवा. दुसऱ्या आठवड्यात दिवसातून एकदा, नंतर आठवड्यातून एक दोनदा पुरे. कमीत कमी 2 आठवडे, चांगलं हवं तर 4 ते 8. आकडा स्थिर झाला की 58 किंवा 62 टक्क्यांचं ह्युमिडिटी पॅक, म्हणजे ओल ठरावीक ठेवणारी पुडी, टाकायला हरकत नाही, पण ओल्या फुलांत ते टाकून आळस करू नका, ते पॅक वाळवायचं काम करत नाही.

भिंगाखाली पांढरं दिसलं की बुरशी की ट्रायकोम असा प्रश्न पडतोच. ट्रायकोम म्हणजे फुलावरच्या चिकट रसाच्या बारीक ग्रंथी, दिसायला काचेच्या छत्र्या, सुट्या सुट्या, डोक्यावर थेंब, चमकणाऱ्या. बुरशी म्हणजे कोळ्याच्या जाळ्यासारखी तंतूतंतूची, निस्तेज, एका फुलाकडून दुसऱ्याकडे पसरलेली. शंका असेल तर टाकून द्या.

मुरलेल्या बरण्या अंधाऱ्या, थंड कपाटात ठेवा. फ्रिजमध्ये ओल सारखी कमी जास्त होते आणि फ्रीझरमध्ये ट्रायकोम ठिसूळ होऊन झडतात, त्यामुळे दोन्ही टाळा. प्रत्येक बरणीवर झाडाचं नाव आणि तारीख लिहा. घरात पोरं किंवा कुत्रा असेल तर कपाटाला कुलूप हवंच, आणि छाटलेली पानंसुद्धा उघड्या डब्यात ठेवू नका, कुत्रे ती खातात आणि मग रात्री व्हेटकडे पळावं लागतं. उरलेल्या पानांचं बटर करता येतं, पण ब्यूटेनसारखे सॉल्व्हंट वापरून अर्क काढू नका, तो इथेही गुन्हा आहे आणि आग लागून माणसं भाजली आहेत. घराबाहेर नेताना 30 ग्रॅमची मर्यादा पाळा, विकायचं तर अजिबात नाही, आणि भारतात किंवा अमेरिकेत जाताना बॅग रिकामी आहे ना ते दोनदा तपासा, कॅनडाची सीमा ओलांडून नेणं किंवा आणणं दोन्हीकडून बेकायदा आहे, भले तुमच्याकडे डॉक्टरची चिठ्ठी का असेना.